घोंगडीतला पाम

सावंतवाडीचा मावसभाऊ लग्नाची पत्रिका द्यायला आला, तेव्हा मी परड्यात पामाच्या कुंडीभोवती घोंगडी गुंडाळून सुतळीनं बांधत होते. मार्गशीर्षाचे दिवस, ऊन कलायला लागलं की बेळगावच्या आमच्या वडगावात अंगावर काटा येतो. घोंगडी सासऱ्यांची, एका कडेला कसर लागलेली, धुतली तरी मेंढराचा वास न सोडणारी. तो मागच्या दारात उभा राहून बघत होता. मग म्हणाला, "गो, झाडाक थंडी वाजता काय?" मी हसले, तोही हसला. चहा झाला, पत्रिका झाली, कुंद्याचा डबा त्याच्या पिशवीत गेला. निघताना चपला घालता घालता त्यानं पुन्हा विषय काढला. "माका दी ता. गाडयेत घालून व्हरतंय. थंय व्हाळाच्या काठाक नुसता टाकून दिलंय तरी वाढतला." या वेळी मला हसू आलं नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत हात हलवला आणि आत येऊन उगाचच भांडी विसळत बसले.

कारण तो म्हणाला ते खरं होतं.

हा पाम म्हणजे लिपस्टिक पाम. नाव बाजारू आहे, पण शास्त्रीय नाव सिर्टोस्टॅकिस रेंडा, ते घेऊन नर्सरीत गेलात तर रिकाम्या हातानं परत याल. पोफळीला जिथं विरी असते, म्हणजे झावळ्यांचे बुंधे खोडाला लपेटून जी गुळगुळीत नळी होते, ती याची लालभडक असते. नुसती नळी नव्हे, झावळीचा देठसुद्धा लाल. वर हिरवी पिसं, खाली लाखेच्या रंगाचे दांडे, आणि एका बुंध्यातून अनेक खोडं उठलेली. पणजीत एका जुन्या घराच्या अंगणात मी तो पहिल्यांदा पाहिला. पाऊस नुकताच थांबला होता, दांड्यांवरून पाणी निथळत होतं, आणि इतका निलाजरा लाल रंग झाडाच्या अंगावर शोभतो कसा, हे मी बराच वेळ बघत राहिले. घरच्यांनी गाडीतून हाका मारल्या. येताना फोंड्याच्या बाजूला एका नर्सरीत रोप मिळालं. गुडघ्याएवढं, सगळं हिरवं. "लाल मागाहून येता," असं नर्सरीवाला म्हणाला. चोर्ल्याचा घाट चढताना ते माझ्या पायांत होतं, आणि वर धुकं लागलं तशी मी खिडकीची काच वर केली. माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. तिथूनच सगळं सुरू झालं म्हणायचं.

आता हे झाड मूळचं कुठलं? मलाया, सुमात्रा, बोर्निओ, थायलंडचा दक्षिणेकडचा भाग. तिथल्या सखल दलदलीच्या रानात, कुजक्या पानांच्या काळ्या आंबट पाण्यात त्याचे पाय बुडालेले असतात. बारा महिने उकाडा, बारा महिने ओल, आणि रात्र म्हणजे फक्त उजेड नसलेला दिवस. पारा पंधराच्या खाली गेला की ते बिचकतं, दहाच्या आसपास गेला की पानं जळतात. आणि आम्ही समुद्रापासून साधारण 750 मीटर वर. दर हजार मीटरला हवा 6.5 अंशांनी निवते असं भूगोलात शिकवतात. त्या हिशेबानं पणजी आणि बेळगाव यांत चार-पाच अंशांचा फरक. माणसाला तो शालीपुरता असतो. झाडाला मात्र तो जगण्या-मरण्याचा, कारण समुद्र जवळ असला की रात्रीची हवा उबदार राहते आणि आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र झालं की दिवसभराची सगळी ऊब रात्रीत उडून जाते. पहाटे पारा बारा-तेरावर येतो. फुलकोबीला, वाटाण्याला, आमच्या जिभांना ही थंडी मानवते. दलदलीतल्या पामाला नाही.

शहाणं माणूस इथं थांबतं. आमच्या जिल्ह्यात पाम काय कमी आहेत? जांबोटी-कणकुंबीच्या रानात भेरली माड आपणहून उभा असतो, माशाच्या शेपटासारख्या पानांचा. त्याला कुणी पाणी घालत नाही की घोंगडी गुंडाळत नाही. फुलायला लागला की वरून खाली एकेक तुरा सोडत येतो आणि शेवटचा झाला की मरतो, इतका शिस्तीचा. माळावर ओढ्याकाठी शिंदी आहे. कॅम्पात बंगल्यांच्या फाटकांशी बाटलीपाम आहेत. मंगल कार्यालयांच्या दारात अरेका पामांच्या कुंड्या आहेत. तो मूळचा मादागास्करचा, पण कुठंही खपतो, म्हणून कुणालाच त्याचं काही वाटत नाही. आणि चीनकडचा एक पाम तर बर्फातसुद्धा तगतो. थंडीत वाढणारे पाम हवे होते तर जगात ढीगभर होते. मला लाल दांड्याचाच हवा होता, आणि तो नेमका सगळ्यांत नाजूक निघाला. माझ्या सासूबाईंच्या भाषेत, "हौसेला मोल नाही आणि अकलेला तोल नाही."

लोकांना या झाडात लगेच गोष्ट दिसते. एका मैत्रिणीला वाटलं, ही माझी आईच. आई वेंगुर्ल्याची, लग्न होऊन घाट चढून वर आली, तेव्हा झाडाला ऊब देते ती लेक आईलाच देते, वगैरे. छान आहे, खरं आईला इथली थंडी इतकी मानवली की माहेरी गेली की दुसऱ्या दिवशी "घामानं जीव जायलाय" म्हणून परतीची गाडी विचारायची. दुसऱ्या एकाला, ते सीमाप्रश्नावर बोलल्याशिवाय उठतच नाहीत, कुंडीतला पाम म्हणजे आपण सीमाभागातले मराठी असं सुचलं. मी त्यांना म्हटलं, अहो, आपल्याला कुणी कुठून आणून लावलेलं नाही. आपण होतो तिथंच आहोत, 1956 साली रेघ सरकली. ते थोडे हिरमुसले. झाडाला झाड म्हणून बघायला माणसांना जड का जातं कोण जाणे. त्याला ना माहेर आहे ना राज्य. त्याला पायाशी ओल हवी, डोक्याशी उजेड हवा आणि रात्री गार वारा नको, एवढंच.

पण एवढंच करता करता मला माझं घर नव्यानं कळलं, हे मात्र मान्य करायला हवं. लग्न होऊन या घरात आले त्याला उभा जन्म झाला, तरी परड्यात चार तऱ्हेच्या हवा आहेत हे मला माहीत नव्हतं. पूर्वेकडचा कोपरा सकाळी उन्हाचा, पण रात्री वारा तिथूनच आत शिरतो. तुळशीजवळ दव सगळ्यांत जास्त पडतं. पश्चिमेची काळ्या दगडाची भिंत दिवसभर तापते आणि रात्री जेवणं झाल्यावर हात लावला तरी कोमट लागते. आणि न्हाणीच्या मागची भिंत, तिच्या आतल्या बाजूला आमचा जुना तांब्याचा बंब. मुलांनी गीझर बसवून दिलाय, खरं ह्यांना बंबाचंच पाणी लागतं. पहाटे पाचला बंब पेटतो आणि बाहेर थंडी सगळ्यांत जास्त असते तीही हीच वेळ. मी दोन थर्मामीटर आणले, एक तुळशीपाशी टांगला, एक न्हाणीच्या भिंतीला. तुळशीपाशी बारा दाखवतो तेव्हा न्हाणीपाशी पंधरा-सोळा. तीन-चार अंश, फुकटात. पामाची हिवाळ्याची जागा ठरली ती अशी.

इंग्रजांनी हेच केलं, फक्त मोठ्या खर्चानं. लंडनजवळच्या क्यू बागेत 1844 ते 1848 या काळात त्यांनी नुसत्या पामांसाठी लोखंड आणि काचेचं घर बांधलं. तळघरात बॉयलर, कोळसा आणायला बोगदा, आणि काचेवर काजळी बसू नये म्हणून धूर सोडायला लांब वेगळा मनोरा. मला याची गंमत वाटते. 1818 मध्ये बेळगावचा किल्ला घेतला, इथली गार हवा मानवली आणि मग साहेबानं इथं कॅम्प वसवला. उष्ण देशात येऊन गारवा शोधायचा आणि गार देशात परत जाऊन उष्ण देशाची झाडं काचेखाली ठेवायची. माझा बॉयलर म्हणजे बंब, माझं काचघर म्हणजे घोंगडी. बोगद्याची मात्र सोय नाही, शेणी मलाच आणाव्या लागतात.

कुंडीचीही एक कथा आहे. इथं कुंडी म्हटलं की खानापूरची. तिथली माती, तिथले कुंभार, मडकी, कौलं, सगळ्या जिल्ह्याला ठाऊक. रोप आणलं तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, त्या काळ्या प्लास्टिकमधून काढ आणि मातीच्या कुंडीत लाव, मुळांना हवा लागते. हवा लागते हे खरं. पण मातीच्या कुंडीचं अंग सच्छिद्र, त्यातून पाणी झिरपतं, झिरपलेलं पाणी उडतं आणि उडताना आतला गारवा वाढवतं. उन्हाळ्यात माठाकडून आपण हेच काम करून घेतो. थंडीत तेच काम मुळांना नको असतं, कारण गार मातीत या झाडाची मुळं पाणी-खत ओढायचंच थांबवतात आणि वर पानं पिवळी पडतात. लोकांना वाटतं उपाशी आहे, आणखी खत घालतात, आणि ते खत मुळांशी तसंच पडून राहतं. म्हणून झाड प्लास्टिकमध्येच आहे, आणि ते प्लास्टिक खानापूरच्या मोठ्या कुंडीत बसवलंय. मधल्या फटीत नारळाची सोडणं कोरडी ठासून भरलीत. बाहेरून बघणाऱ्याला मातीची कुंडी दिसते, तोही खूश, झाडही खूश. थंडीत पाणी बंबातलं थोडं मिसळून, हाताला कोमट लागेल इतपत. तेही जमेल तितके दिवस पावसाचंच, पिंपात साठवलेलं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, चार वेळा घातलं की मातीवर पांढरी साय धरते आणि पानांची टोकं करपतात.

थंडीपेक्षा मोठा वैरी मात्र मला शेजाऱ्यांनी दाखवला. आमच्या डाव्या हाताला मागवाले काका. घरात कानडी, आमच्याशी मराठी, आणि मागाशी बोलताना दोन्ही. सोप्यात दोन माग. खटखट इतकी अंगवळणी पडलेली की ती थांबली तरच मला ऐकू येते. थंडीच्या सुरुवातीला एकदा ती सारखी थांबायला लागली. दोन मिनिटं चालू, बंद, परत चालू, परत बंद. मी कुंपणावरून विचारलं, लाईट जायलीय काय? ते म्हणाले, "लाईट नव्हं अक्का. हवा कोरडी पडलीय. ताण्याचे धागे तुटायलेत." आणि बायकोला हाक मारून त्यांनी फरशीवर पाणी शिंपडायला सांगितलं. हवेत ओल असली की सूत लवचिक राहतं, ती गेली की ठिसूळ होतं आणि ओढ बसली की तुटतं. पूर्वेकडचं वारं सुटलं की पहिल्याच दिवशी त्यांना ते हाताखाली कळतं. मी मागं वळून पामाकडं बघितलं. सगळ्यांत वरच्या झावळीची टोकं तपकिरी व्हायला लागली होती, अगदी नखाएवढी, कागदासारखी कुरकुरीत.

तेव्हापासून माझं हवामान खातं शेजारी आहे. माग अडखळला की मी झावळ्या ओल्या फडक्यानं पुसायला घेते, वरून आणि खालून. खालून महत्त्वाचं, कारण कोरड्या हवेत पानाच्या पाठीवर लाल कोळी जाळी धरतात. इतके बारीक की चष्मा लावूनही दिसत नाहीत, पांढऱ्या कागदावर पान झटकलं तर ठिपके चालायला लागतात. कुंडीभोवती परातीत खडी आणि पाणी ठेवते. काकांनी एकदा विचारलं, तुमचं झाड सूत काततंय काय? मी म्हटलं, काततंय, खरं रंग द्यायचं विसरलंय.

कारण लाल कुठं आहे, हा प्रश्न सगळ्यांचाच आहे. गल्लीतली पोरं विचारतात, दूधवाला विचारतो. काकू तर मला समजूत घालतात, "फसवलं असंल गं, साधी पोफळ दिली असंल." या पामाचं लहानपण हिरवं असतं. रंग यायला वय लागतं, आणि ते वय इथं हळू चढतं, कारण वर्षातले चार-पाच महिनेच त्याला वाढावंसं वाटतं. फाल्गुनात हवा तापली की मधली सुरळी वर सरकायला लागते. न उघडलेलं पान, भाल्यासारखं टोकदार आणि मिटलेलं. वळवाचा पहिला पाऊस पडला की ती फुटते आणि आठवड्याभरात नवी झावळी पसरते. मे महिना त्याचा खरा महिना. मग मृग लागतो. आमचा पावसाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. दिवसेंदिवस झिमझिम, कपड्यांना कुबट वास, भिंतींना ओल, ऊन म्हणजे ऐकीव गोष्ट. पाण्यात राहणारं झाड आहे म्हणजे पावसाळ्यात सुखात असेल असं वाटतं, पण त्याला कोमट पाणी हवं, गार पाणी नको. सुरळीत पाणी साठून तिथं कूज धरते. पामाच्या एका खोडाला वाढणारा कोंब एकच. आंबा छाटला तर बाजूनं फुटतो, पामाचा कोंब कुजला तर ते खोड संपलं. म्हणून आषाढ-श्रावणात मी रोज सकाळी सुरळी दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच वर ओढून बघते. घट्ट असली की बरं वाटतं. सैल लागली, हातात आली आणि खालून आंबूस वास आला, तर काही करण्यासारखं राहत नाही. अजून तरी ती घट्टच लागलीय.

आणखी एक मजा. झाडाला थंडीत झालेली इजा थंडीत दिसत नाही. कोंबाच्या पोटात पान तयार होत असतं, त्याला जानेवारीत गारठा लागतो आणि ते पान उघडतं एप्रिलमध्ये, चुरगळलेलं, तुकड्या-तुकड्यांत फाटलेलं. सगळं छान चाललेलं असताना जुना हिशेब समोर येतो. आणि पिवळं पडलेलं खालचं पान कापायचंही नसतं, कितीही ओंगळ दिसलं तरी. झाड त्यातलं पोटॅश परत ओढून वरच्या नव्या पानाला देत असतं. पूर्ण वाळेपर्यंत ते पान कामावर असतं. आमचे हे दर रविवारी कात्री घेऊन उभे राहतात आणि मी दर रविवारी कात्री काढून घेते.

मावसभावाचं वाक्य डोक्यात राहिलं ते या सगळ्यामुळं. मी एवढं करते, आणि तिकडं खाली, सावंतवाडीला, आंबोलीचा घाट उतरला की दोन-अडीच तासांत, हेच झाड काही न करता वाढेल. व्हाळाच्या काठाला, चिखलात पाय, वर माडांची सावली. इथं जगतंय, पण त्याला करमत नाही हे पानापानावर लिहिलंय. मग मी त्याला ठेवते कशाला? त्याचं भलं मला हवं असतं तर मी त्याच दिवशी कुंडी गाडीत ठेवून दिली असती. मला ते इथं हवंय. न्हाणीच्या भिंतीशी, माझ्या डोळ्यांसमोर. ही माया म्हणायची की हट्ट, मला अजून नीट ठरवता येत नाही, आणि बहुतेक दोन्ही आहे. पोरं पुण्याला आणि बेंगळुरूला गेली तेव्हा मी जा म्हणाले, खुशीनं म्हणाले, कारण तिथं ती वाढणार होती. झाडाच्या बाबतीत मात्र तेवढं मोठं मन होत नाही. पोरं फोन करतात तरी. झाडाला एकदा घाट उतरवला की मी त्याची कोण?

आणि खरं सांगायचं तर थंडी मला आता आवडायला लागलीय ती त्याच्यामुळं. पूर्वी थंडी म्हणजे गुडघे आणि सुंठीचा काढा. आता संध्याकाळी चारला भिंत किती तापलीय ते बघायचं, वारं कुठून आहे ते बघायचं, माग चालतोय का ऐकायचं, बंबात दोन शेणी जास्त घालायच्या. दिवसाला कामं लागतात. झाडानं हे काही मागितलेलं नाही, पण ते इथं नसतं तर मीही केलं नसतं.

या फेब्रुवारीत बुंध्याजवळ एक फुटवा दिसला, बोटभर. आणि त्याच सुमारास मोठ्या खोडाच्या विरीवर, भिंतीकडच्या अंगाला, विटकरी रंगाची एक पट्टी. ओला कापूस फिरवून बघितला, निघाली नाही. काकू म्हणाल्या, "कुजायलंय बाई." काका म्हणाले, "पक्का रंग हाय. धुऊन जात नाही." मी दोघांचं ऐकून घेतलं. विटकरीनंतर नारिंगी, नारिंगीनंतर लाल असा क्रम असतो, पण तो पुरा व्हायला किती वेळ लागेल हे झाडाच्या मर्जीवर. फुटव्याला मात्र स्वतःची मुळं सुटल्याशिवाय हात लावता येत नाही, आणि लावायचा तर भर उन्हाळ्यात, माती तापलेली असताना.

रात्री मावसभावाला फोन लावला. म्हटलं, एवढ्यात नाही, पण एखाद्या मे महिन्यात गाडी घेऊन ये, व्हाळाकाठी लावायला तुला झाड देते. तो खूश झाला. मग मी फुटव्याचं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसला.

"फुटवो? आणि मोठा झाड?"

"ते हवं तर येऊन बघ. चहा देते."